हजार ठोके

पट्टा छातीखाली बांधायच्या आधी
थुंकीनं ओला करावा लागतो,
नाहीतर आकडे खोटं बोलतात.
पहिल्याच दिवशी मनगटावर उमटलं दोनशे अकरा
आणि मी स्वयंपाकघरात नुसती उभी,
हातात अर्धा सोललेला बटाटा.

मी हेल्गी. हान्याच्या टेकड्यांमधल्या
लाकडाच्या गिरणीत एकोणतीस वर्षं जमाखर्च लिहिते.
ओंडके किती आले, फळ्या किती गेल्या, भुसा किती.
म्हणून उर्मास जेव्हा म्हणाला,
एकशे बत्तीसच्या वर जायचं नाही,
तेव्हा मी विचारलं, मग तूट कुठे दाखवायची?
तो हसला नाही.
त्याच्या काळी गळ्यावर दोन बोटं टेकवून
पंधरा सेकंद मोजायचे, चारानं गुणायचे,
आणि थंडीनं बोटं बधिर झाली की
अंदाजपंचे.
दमानं, म्हणाला. एवढंच.

दमानं म्हणजे
फेब्रुवारीतल्या स्कीच्या शर्यतीसाठी मे महिन्यात
हातात काठ्या घेऊन कोरड्या रस्त्यावर चालणं.
चढ लागला की आणखी हळू.
ओइये बाबागाडी ढकलत पुढे जाते,
वर वळून विचारते, बरं आहे ना?
एकशे तेहेतीस झाले की मनगट ओरडतं.
शाळेत आम्हाला तोंडात रक्ताची चव येईस्तोवर पळवायचे
आणि जी शेवटी आडवी पडे तिला टाळ्या मिळत.
मला दोनदा मिळाल्या होत्या.
त्या टाळ्या कानातून काढायलाच
अख्खा जून गेला.

मग मी माझी एक रीत काढली. उर्मासला विचारलं नाही.
फाटकापासून हजार ठोके मोजायचे
आणि हजारावा जिथे पडेल तिथे थांबायचं.

मे: दुधाचे कॅन ठेवायचा जुना लाकडी ओटा.
जून: ओट्यापुढचा विजेचा खांब.
जुलै: पुन्हा ओट्याच्या अलीकडे,
उन्हानं ठोके महाग केले होते.
ऑगस्टच्या शेवटी तळ्याकडे झुकलेला बर्च,
ज्याला मी गाडीतून कधी पाहिलंच नव्हतं.
घाई तीच, म्हणजे काहीच नाही,
तेच एकशे बत्तीस,
फक्त रस्ता माझ्याखालून जास्त सरकलेला.
गिरणीत असा नफा कुणी दाखवला असता
तर मी पावत्या मागितल्या असत्या.

सप्टेंबरच्या अकरा तारखेला
अंथरुणातच एकसष्ट. रोजचे बावन्न.
आदल्या रात्री एन्देलचा फोन आला होता,
घर विकायचं म्हणून, सह्या कधी करतेस म्हणून.
मी म्हटलं होतं, कर, माझं काही नाही.
त्या दिवशी हजार ठोके
खांबापर्यंतसुद्धा पुरले नाहीत.
वहीत कारणाचा रकाना आहे.
मी लिहिलं: झोप.

ऑक्टोबरात ते दफनभूमीच्या फाटकाशी संपले.
तिथे थांबायचं मनात नव्हतं,
पण हिशेब म्हणजे हिशेब.
थांबल्यावर एक मिनिट उभं राहायचं असतं,
ठोके किती उतरतात ते बघायला.
एकशे अठरा. एकशे सात.
आई आत, डावीकडच्या तिसऱ्या रांगेत,
मी बाहेर, काठ्यांवर रेललेली.
त्र्याण्णव.
मिनिटात एकोणचाळीस उतरले,
हे फार चांगलं असतं म्हणे.
मी आणखी थोडा वेळ उभी राहिले,
तो मात्र कुठे नोंदवला नाही.

नोव्हेंबरात उर्मासनं वही मागितली.
स्टोव्हजवळ बसून, चष्मा कपाळावर ढकलून,
ओळीमागून ओळ बोट फिरवत गेला,
ओट्यावरून, खांबावरून, बर्चवरून.
मान हलवत होता. खूश होता बहुतेक,
त्याचं नीट कळत नाही.
मग बोट एका जागी अडलं.
इथे काय झालं?
झोप, मी म्हटलं.
एन्देल त्याच्याच वर्गातला.
खिडकीबाहेर बर्फ धरेल की नाही असं चाललं होतं.
त्यानं वही मिटली नाही.
स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं टेकवली
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे
पंधरा सेकंद बघत राहिला.
गुणलं मात्र नाही.